रेडिएटरमधली लाल माती

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे आहेत, हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे. आमच्या भागात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मीही तिला बाईच म्हणतो. तिनं चौथीतून शाळा सोडली म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर होऊ शकलो. लग्न होऊन ती वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान गावात गेली. तिथून दर उन्हाळ्यात ती तेंदूपत्त्याला जायची. पहाटे जंगलात पानं तोडायची, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी ते नेऊन द्यायचे. त्या मिळकतीतून माझ्या चंद्रपूरच्या खोलीचं भाडं आणि मेसचं बिल भरलं जायचं. तिच्या नवऱ्यानं, आमच्या भाऊजींनी, त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, हेही इथे लिहून ठेवलं पाहिजे.

बी.ए. झाल्यावर काही वर्षं मी नोकरीच्या परीक्षा दिल्या. गोंडपिपरीला घरी राहायचं, फॉर्म भरायचे, चंद्रपूरला जाऊन पेपर द्यायचे, यादीत नाव शोधायचं आणि परत यायचं. एकदा मी बाईकडे गेलो होतो. ती अंगणात वांगी निवडत बसली होती.

"बाबू, किती दिवस फारमं भरशील?" तिनं मान वर न करता विचारलं. "मोहर्लीचे हॉटेलवाले भाजी कुठून आणते?"

"चंद्रपूरहून."

"अन् चंद्रपूरले कुठून येते?"

मला माहीत नव्हतं.

"आपल्याच नदीवरून जाते गा. मंधात दोन दलाल खाते. तू शिकला-सवरला, हॉटेलवाल्यांशी तूच काऊन नाई बोलत?"

असा माझा धंदा सुरू झाला. ताडोबाच्या दाराशी मोहर्लीला जी रिसॉर्ट आहेत, त्यांतल्या काहींच्या स्वयंपाकघराला ताजी भाजी पोचवायची. बाईच्या गावच्या बायकांची वांगी, टमाटर, कोथिंबीर, चवळीच्या शेंगा. गाडीसाठी बाईनं पुन्हा आपली गाठ सोडली, काही पैसे मी उभे केले आणि एक जुनी पिकअप घेतली. मला तेव्हा गाडी सफाईनं चालवता येत नव्हती म्हणून ड्रायव्हर ठेवला. तो आमच्याच मोहल्ल्यातला, माझ्यापेक्षा वयानं मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. तो मला मास्तर म्हणायचा. मी कधी कुठे शिकवलेलं नव्हतं, पण बी.ए. झालेला माणूस मास्तर नसेल तर कोण, असं त्याचं म्हणणं.

कामाची पद्धत ठरलेली होती. बुधवारी आणि शनिवारी दुपारी तो एकटा गाडी घेऊन नदीपलीकडे बाईच्या गावी जायचा, तिच्याच घरी जेवायचा, माल भरून संध्याकाळी गोंडपिपरीला यायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्यासोबत बसायचो आणि आम्ही चंद्रपूरवरून मोहर्लीला जायचो. तो बाईच्या जेवणाची फार तारीफ करायचा. "बाईच्या हातचे झिंगे खाल्ले का घरी खोटं बोलता येत नाई, मास्तर," तो म्हणायचा. "बायको दारातूनच वास घेते."

मे महिन्यात, मोहर्लीला पर्यटकांची सगळ्यात जास्त गर्दी असते त्या दिवसांत, गाडी गेली. चंद्रपूर सोडलं, कोळशाचा धुरळा मागे पडला, दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं आणि इंजिनाचा आवाज बदलला. आधी ओढ कमी झाली. मग बॉनेटमधून वाफ आली, करपल्यासारखा वास आला आणि गाडी आतूनच कोणी धरून ठेवावी तशी थांबली. भाऊनं किल्ली फिरवून पाहिली. इंजिन हलत नव्हतं.

"तापमानाचा काटा कुठे होता?" मी विचारलं.

"खालीच होता. पाहाना."

काटा खरंच खाली होता. गाडी इतकी तापली आणि काटा खाली कसा, हा माझ्या मनात आलेला पहिला संशय. दुसरा त्याच्या मागोमाग आला, आणि तो चाकांवर आला. आमच्या मागून एक पिकअप येऊन उभी राहिली. मोहर्लीलाच भाजी पोचवणाऱ्या दुसऱ्या एका माणसाची ती गाडी होती आणि तिच्यावर आमच्या भाऊचा साळा ड्रायव्हर होता. "माल खराब होईन, इकडे टाका," साळा म्हणाला. आम्ही क्रेट त्याच्या गाडीत चढवले. त्या दिवशी आमची भाजी त्याच्या गाडीतून स्वयंपाकघरांत गेली. तिथल्या माणसानं मला फोनवर सांगितलं, "आज दुसरे भाऊ आले होते. चांगले आहेत. तुमचं नाही जमलं तर त्यांना सांगू का?"

तो नेमका आमच्याच मागे कसा होता? एरवी त्याची गाडी आमच्या आधी जायची.

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी चंद्रपूरला एका गॅरेजात आणली. तिथला मिस्त्री पन्नाशीचा मुसलमान माणूस. बापाच्या वेळेपासूनचं गॅरेज आणि तोंडात अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्यानं इंजिनात पाना घालून फिरवून पाहिलं आणि जरा वेळ काही बोलला नाही. मिस्त्री गप्प बसला की काम मोठं असतं, हे मला तेव्हा कळलं.

"जाम आहे. खोलावं लागते. हेड तं गेलाच समजा. पिस्टन, लायनर पाहू."

गॅरेजांबद्दल मला लोकांनी आधीच पुष्कळ सांगून ठेवलं होतं. चांगला पार्ट काढून ठेवतात, दुसऱ्या गाडीचा निकामी पार्ट दाखवतात, हा पाहा तुमचा म्हणतात. मी रोज सकाळच्या एसटीनं चंद्रपूरला जाऊन तिथे एका उलट्या डब्यावर बसायला लागलो. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खाली उतरवल्यावर मिस्त्री हात धुवायला गेला, तेव्हा मी खिळ्यानं हेडच्या कोपऱ्यावर बारीक खूण केली. दुसऱ्या दिवशी ती त्याला दिसली.

"मास्तर, हेडवर सही कोणी केली?"

मी खिळा खिशात सरकवला.

"माह्या निकाहच्या वेळेस सासऱ्यानंही इतकी चौकशी नाई केली. बसा, चाय सांगतो. इंजिन कुठी पळून नाई जात."

मी चहा घेतला, पण डब्यावरून उठलो नाही. हेड वाकलं होतं आणि त्याला चीरही गेली होती. पिस्टन लायनरला चिकटले होते. खर्चाचा अंदाज त्यानं सांगितला तेव्हा मला वाटलं की जुनी गाडी पुन्हा अर्धी विकत घेतोय. मोटरसायकल विकायची, हे मी तिथे बसल्या बसल्याच ठरवलं. काट्याचंही मी विचारलं. "पाणीच नाई राह्यलं तं काटा काय मोजन?" मिस्त्री म्हणाला. पण एवढं पाणी गेलं कुठे आणि इंजिन तापलं कशानं, हे त्यालाही पाहायचं होतं. म्हणून त्यानं शेजारच्या रेडिएटरवाल्याला बोलावलं.

रेडिएटरवाल्यानं रेडिएटर सोडवून घमेल्यावर उपडा केला. त्यातून इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट यायला हवं होतं. आला तो दाट लाल चिखल. पावसाळ्यात मुरमाच्या रस्त्यावर साचतो तसा. घमेलं निम्मं भरलं. त्या वेळी भाऊ माझ्या शेजारी उभा होता. तो घमेल्याकडे पाहत राहिला, मग बाहेर जाऊन पानटपरीपाशी उभा राहिला.

"पाणी कुठचं टाकता?" रेडिएटरवाल्यानं विचारलं. "पाण्याची घाण अशी राह्यते."

"पाणी टाकतच नाही," मी ठामपणे सांगितलं. "सक्त ताकीद आहे. कूलंटच. मी स्वतः कॅन आणून देतो आणि दर आठवड्याला बॉनेटमधला डबा पाहतो. काठोकाठ भरलेला असतो."

"मग तुमचं तुम्हाले माहीत," तो म्हणाला आणि जाळी खरवडायला बसला.

मिस्त्रीनं तो चिखल दोन बोटांत चोळून पाहिला. "मुरूम वाटते. कोणी टाकला असन तं त्याचं तो पाहीन. ड्रायव्हरले विचारा."

मी टपरीवर गेलो.

"भाऊ, रेडिएटरमध्ये पाणी टाकलं होतं का?"

"मी नाई टाकलं."

"मग माती कशी आली?"

"मले काय माहीत, मास्तर?" तो माझ्याकडे पाहत नव्हता. खर्रा चघळत समोरच्या रस्त्याकडे पाहत होता.

त्या संध्याकाळी मी गाडीची केबिन झाडून पाहिली. सीटखाली कूलंटचा कॅन निघाला. मी हिवाळ्यात दिलेला. सील तसंच होतं. मी तो त्याच्यासमोर धरला.

"डबा भरलेलाच दिसे," तो म्हणाला. "भरलेल्यात कशाले टाकू?"

मला हे उत्तर चोराचं वाटलं. मी बोललो नाही, पण माझ्या डोक्यात सगळं जुळत गेलं. दुसऱ्या गाडीवर साळा. साळ्याच्या मालकाला आमची गिऱ्हाइकं हवीत. रेडिएटरमध्ये लाल माती, सीटखाली न उघडलेला कॅन, आणि गाडी बंद पडली त्या वेळी मागे नेमकी तीच पिकअप. आमच्या इकडे वैर काढायला डिझेलच्या टाकीत साखर टाकल्याच्या गोष्टी सांगतात. इथे मुरूम, एवढाच फरक.

बाईला फोन केला. तिच्या गावात फोन लागतो तो एका ठरावीक जागी, सार्वजनिक ओट्यावर, आणि तिथे चार बायका नेहमी असतात. बाई फोनवर ओरडून बोलते आणि समोरच्याचं ऐकलेलंही मोठ्यानं पुन्हा म्हणते.

"इंजिन गेलं?" ती म्हणाली. "माती निंघाली? पोटातून माती निंघाली म्हणते वो!" हे शेजारच्या बाईला. मग मला, "कोणी टाकली? त्या डायवरनंच टाकली असन. त्याचा साळा दुसऱ्या गाडीवर हाय, मले त्यानंच सांगितलं. माह्या हातचं जेवला अन् गाडीले माती चारली."

"बाई, नक्की नाही अजून," मी म्हटलं. पण मी 'नाही' म्हटलं नाही. खरं तर मला बरं वाटलं की मी न बोललेलं कोणीतरी बोललं.

गाडी गॅरेजात होती तरी भाजी थांबवता येत नव्हती. वांगी झाडावर थांबत नाहीत आणि गिऱ्हाईक मोहर्लीत थांबत नाही. गोंडपिपरीच्या एका ओळखीच्याची पिकअप मी भाड्यानं घेतली. भाऊला काढून टाकावं असं मनात होतं, पण पुरावा नव्हता. शिवाय त्याला डोळ्यांसमोर ठेवणं मला बरं वाटलं. म्हणून त्या बुधवारी पहिल्यांदाच मी त्याच्या शेजारी बसून नदीपलीकडे गेलो. वैनगंगेवरचा आष्टीचा पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, "मास्तर, तुमचे डोळे माह्या हातावर हाय. गेअर टाकतो तेही पाहून राह्यले."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

गावात पोचलो. एरवी गाडीचा आवाज ऐकून बायका क्रेट घेऊन रस्त्यावर यायच्या, असं भाऊनंच मला सांगितलेलं. त्या दिवशी त्या आपापल्या दारात उभ्या राहिल्या. एकीनं क्रेट उचललं आणि मी हात पुढे केल्यावरच दिलं. भाऊच्या हातात दिलं नाही. ओट्यावरचा फोन सगळ्या गावानं ऐकला होता.

बाईच्या अंगणात गाडी लावली. तिनं मला खाटेवर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि भात शिजतोय म्हणाली. भाऊला ती काही बोलली नाही. तो कुंपणाजवळ जांभळाखाली दगडावर बसला आणि आपल्या बाटलीतलं गरम झालेलं पाणी प्यायला. बाईच्या दारात आलेल्या माणसाला पाणी मिळालं नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

थोड्या वेळानं ती उठली. ताप आलेल्या माणसाचं कपाळ पाहावं तसा हाताचा मागचा भाग तिनं बॉनेटला लावला.

"निवली," ती म्हणाली आणि आत जाऊन पाण्याचा गुंड, म्हणजे कळशी, घेऊन आली. "बाबू, याचं तोंड उघडून दे. तुया गाडीचा डब्बा मले माहीत हाय, या गाडीचा कुठी असते मालूम नाई."

मी बॉनेट उघडलं. का, ते विचारलंही नाही. प्लास्टिकच्या पांढऱ्या डब्याचं झाकण काढलं आणि तिनं एक थेंब बाहेर न सांडता गुंडातलं पाणी त्यात ओतलं. डबा काठोकाठ भरेपर्यंत.

"हे दर खेपेला करतेस?"

"मंग? बाबाचे बैल रस्त्यावरून आले का कोण पाजे? मीच ना. आल्याबरोबर नाई पाजत, पोटात धरते. जरा निवू द्या लागते, मंग पाजा लागते. इथी पाहुण्याचीही बैलबंडी आली तं आधी बैलाले पाणी, मंग माणसाले." तिनं गुंड खाली ठेवला आणि आवाज चढवला, जांभळापर्यंत जाईल इतका. "तुया गाडीले मी एक खेप तहानली नाई जाऊ देली. अन् यानं तिच्या पोटात माती घातली."

भाऊ उठला आणि ताडपत्रीचे दोर बांधायला गाडीच्या मागे गेला.

मी गुंडाकडे पाहत होतो. आत, पाणी राहतं तिथपर्यंत, लाल थर बसला होता. दोरीवर भाऊजींचं धोतर वाळत होतं, पिवळसर. ते पाणी मला लहानपणापासून माहीत होतं असं नाही, पण कॉलेजच्या दिवसांपासून नक्की माहीत होतं. बाईच्या गावी चार दिवस राहिलं की माझा पांढरा शर्ट असाच पिवळा पडायचा. त्या बोरिंगच्या पाण्याचा चहा काळा होतो. रात्रभर बादलीत ठेवलं तर सकाळी तळाशी लाल गाळ बसतो. लोखंडाचं पाणी. ते दर बुधवारी, दर शनिवारी, डबा काठोकाठ. मी तो डबा पाहायचो आणि भरलेला आहे म्हणून खूश व्हायचो. तो आतून तांबूस झालेला होता. जुनं प्लास्टिक असंच असतं, असं मी समजलो होतो.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दारात दोन बायका येऊन उभ्या होत्या आणि बाईच्या चेहऱ्यावर जनावराला पाणी पाजून झालेल्या माणसाचं समाधान होतं. माझी जीभ उचलली नाही. मी जेवलो. भाऊ जेवला नाही. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं, आणि मीही बोलावलं नाही, कारण त्याच्याकडे कोणत्या तोंडानं पाहावं ते मला सुचत नव्हतं.

परत निघालो. गाव मागे पडल्यावर मी म्हणालो, "भाऊ, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"पाणी."

त्यानं पुढच्या सायकलवाल्याला हॉर्न दिला आणि त्याला बाजूला होऊ दिलं.

"घमेल्यात पाह्यलं तेव्हा समजलं. त्याच्या आधी नाई. देवाशपथ."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुमच्या बाईनं गाडी मारली म्हणू? तुम्ही तिच्यासाठी हात जोडून राह्यता, मास्तर, मी पाहतो ना." थोडं अंतर गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, "अन् डबा मीच दाखवला तिले. पहिल्या खेपेले. ती म्हणे, याले पाणी कुठून पाजते? मले हसू आलं, दाखवला. वाटलं एक-दोनदा टाकीन, मंग सोडून देईन. पण मी जेवत बसो अन् ती पाणी टाके. तिच्या ताटावर बसलेला माणूस तिले नाई कसा म्हणन? पाणीच तं हाय, मले वाटलं. आता सांगतलं असतं तं तुम्ही म्हटलं असतं, तू काय पाहत बसला? तेव्हा अर्धं बाईसाठी अन् अर्धं माह्यासाठी. खोटं नाई बोलत."

"आणि साळा?"

"साळ्याले काऊन मंधात घेता? त्याले स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडता येत नाई. त्या दिवशी मालकाशी भांडून उशिरा निंघाला म्हणून मागं होता."

आष्टीच्या पुलावर त्यानं गाडी बाजूला घेतली. तो आता उतरून निघून जातो की काय असं मला वाटलं, पण तो फक्त तोंडातला खर्रा थुंकायला थांबला होता. परत चढल्यावर म्हणाला, "मास्तर, बाईले सांगू नका. तुमची गाडी तयार झाली का मी दुसरीकडे पाहतो. तसंही त्या गावात माह्या हातात कोणी क्रेट देत नाई."

भाड्याच्या गाडीचं पाणी मी त्याच संध्याकाळी काढून टाकून नवीन कूलंट भरलं आणि काम झाल्यावर ती मालकाला परत केली. गॅरेजातही मी डब्यावर बसणं सोडलं. मिस्त्रीनं ते लगेच ओळखलं. "काय मास्तर, पेपर संपला का?" तो म्हणाला. इंजिन बसलं, पहिल्या किल्लीला सुरू झालं आणि त्यानं जुने पार्ट पोत्यात बांधून माझ्यासमोर ठेवले. मी केलेली खूण वर दिसेल असं हेड ठेवलं होतं. त्याची माफी मागावी असं वाटलं, पण तो तोपर्यंत दुसऱ्या गाडीखाली गेला होता.

गाडी आली आणि माझा प्रश्न सुटला असं मला दोन-तीन दिवस वाटलं. बाईला सांगायचं की नव्या इंजिनाला पाणी लागत नाही, की कंपनीनं मनाई केली आहे. ती ऐकेल. तिला कधी कळणार नाही. मग कामाचं बोलायला भाऊच्या घरी गेलो तर त्याची बायको दारात आली आणि मला 'या' म्हणाली नाही. तिच्या कानावरही आलं होतं. नदीपलीकडे तिचं माहेरचं नातं आहे. भाऊ आत बसून कोणाशी तरी फोनवर दुसऱ्या कामाचं बोलत होता. समोरचा माणूस काहीतरी विचारत होता आणि भाऊ पुन्हा पुन्हा म्हणत होता, "नाई, मी नाई टाकली. नाई."

मी तसाच घरी आलो. बाईवर माझी चूक काढायची वेळ कधी आली नव्हती आणि मला तिची काढायची नव्हती. पण गप्प राहिलो तर त्या गप्प राहण्याची भरपाई रोज भाऊ करणार होता, आणि तीही माझ्या बहिणीच्या नावावर. फोनवर हे बोलणं शक्य नव्हतं. ओट्यावर ती प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणाली असती. समोर गेलो तर पुन्हा जीभ उचलणार नाही, याची मला खात्री होती. म्हणून पत्र लिहिलं. शाळेतल्या भाषेत लिहिलं तर तिला ते सरकारी कागदासारखं वाटतं, म्हणून घरी बोलतो तसं लिहिलं आणि गोंडपिपरीच्या पोस्टात टाकलं. ते असं:

बाई,

हे पत्र भाचीनं घरात बसून तुले वाचून दाखवावं. ओट्यावर नोको, अन् कोणी असन तं नोको. भाऊजी असले तं चालते.

गाडी सुरू झाली. आवाज चांगला हाय. मोहर्लीची दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीची हाय.

आता पुढचं पुरं आईक, मधात उठू नोको. गाडीत माती कोणी टाकली नाई. ते आपल्या बोरिंगच्या पाण्याचं लोखंड होतं. चहा काळा होते ना, तेच. ते पाणी रेडेटरात जमलं, त्याची माती झाली, गाडी तापली अन् इंजिन गेलं. तू दर खेपेले पाजलं ते पाणी होय. त्या दिवशी मी तुया गुंड पाह्यला अन् मले समजलं. मी तेव्हा बोललो नाई, जेवून निंघून आलो.

मनाले लावून घेऊ नोको असं लिहीत नाई, तू घेशीलच. पण एवढं समज, का गाडीले हिरवं पाणी लागते हे तुले कोणी सांगितलंच नोतं. सांगाचं माह्यं काम होतं. मी बुधवारी एकदा जरी आलो असतो तं पाह्यलं असतं. तू शिकवलं म्हणून मले गाडीचं पुस्तक वाचता आलं, अन् ते मी तुले वाचून दाखवलं नाई.

मी तुले दुसरं काही सांगून देलं असतं. नवीन गाडीले पाणी लागत नाई म्हटलं असतं तं तू मानलं असतं. पण डायवरभाऊचं नाव खराब झालं. त्यानं काही केलं नाई. त्याले घमेल्यात पाहूनच समजलं होतं अन् त्यानं तुयं नाव घेतलं नाई. लोकं त्याले विचारते, तू माती टाकली का? त्याच्या घरी मी गेलो तं मले कोणी बस म्हटलं नाई, अन् ते बरोबर हाय. तुले फोनवर मीच तसं बोलू देलं.

तू ओट्यावर ज्या बायांले सांगितलं त्याच बायांले आता सांग, का डायवरनं माती नाई टाकली. माह्यं नाव घेऊन सांग, का बाबूले उगाच संशय आला. पाण्याचं सांगाचं का नाई ते तुया मनावर. तिथल्या बाकी गाड्यावाल्यांसाठी सांगितलं तं बरंच होईन, पण मी म्हणत नाई.

यंदाच्या तेंदूपत्त्याचे पैसे पाठवाचं म्हणून राह्यली होती, ते पाठवू नोको. मोटरसायकल विकली, भागलं.

तो दुसरीकडे जातो म्हणते. मी त्याले बुधवारपर्यंत थांबवला. बुधवारी आम्ही दोघंही येतो. तो म्हणते, मी जेवाले नाई बसत, गाडीतच राहीन. मी दोनदा म्हणून पाह्यलं, माह्यं ऐकत नाई. तू म्हणशील तं कदाचित बसन.

तुया,
बाबू